भिंगार ते जमरूद: एका बातमीचा प्रवास आणि वीस दिवसांची हुकलेली आघाडी

१/ ३ मार्च १७०७, शुक्रवारची सकाळ. अहमदनगरजवळ भिंगारच्या छावणीत औरंगजेबाने शेवटचा श्वास घेतला. (जुन्या इंग्रजी पंचांगाप्रमाणे हीच तारीख २० फेब्रुवारी येते, पुस्तकांत दोन्ही आढळतात, गोंधळू नये.) हयात असलेले तीन पुत्र तीन दिशांना होते. थोरला मुअज्जम खैबर खिंडीच्या तोंडाशी, जमरूदला. मधला आझम माळव्याच्या सुभेदारीवर निघालेला, पण नगरपासून अजून हाकेच्या अंतरावर. धाकटा कामबक्ष विजापूरच्या वाटेवर, परांड्याच्या आसपास.

२/ आझमला बातमी जवळजवळ लगेच मिळाली आणि तो छावणीत परतला. मुअज्जमला ती मिळायला सुमारे वीस दिवस लागले. दोघांनाही गाठायचे होते ते आग्रा, कारण खजिना तिथे होता. नगर ते आग्रा आणि जमरूद ते आग्रा ही अंतरे ढोबळमानाने सारखीच भरतात. म्हणजे आझमला वीस दिवसांची आघाडी होती. तरीही जूनमध्ये तो मेला आणि मुअज्जम बहादूरशाह झाला. असे का झाले, हा आजच्या थ्रेडचा विषय. थोडी वाट वाकडी करून जाणार आहोत, सोबत राहा.

३/ माझे बरेचसे मित्र पुण्यात संगणकाच्या नोकऱ्या करतात. त्यांच्या बोलण्यात दोन शब्द सतत येतात: मेसेज पासिंग आणि कॉलबॅक. अनेक संगणक मिळून एकच काम करत असतात, तेव्हा एकाच्या स्मृतीत काय आहे ते दुसऱ्याला दिसत नाही. जे कळायचे ते निरोपानेच कळते. हे झाले मेसेज पासिंग. आणि ‘अमुक घडले की मला कळव, मग मी तमुक करीन’ अशी आधीच करून ठेवलेली नोंद, ती कॉलबॅक. हे निरोप पाठवण्याची आणि पोचवण्याची तयार यंत्रणा ज्या संचात बांधून दिलेली असते, त्याला ते कम्युनिकेशन लायब्ररी म्हणतात.

४/ महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा राहिला. त्यात ब्रिटनमधील इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर वापरले होते. प्रत्येक ट्रान्सप्युटरला स्वतःची स्मृती आणि शेजाऱ्यांशी बोलायला चार दुवे. सामाईक असे काही नाही. त्या दुव्यांमागचा विचार टोनी होअर यांच्या १९७८ च्या निबंधातला: पाठवणारा आणि घेणारा दोघे तयार असतील तेव्हाच निरोप हलतो, तोवर पाठवणाऱ्याने थांबायचे.

५/ मोगल साम्राज्याला हे थांबणे परवडण्यासारखे नव्हते. नगरहून काबूलच्या सुभ्यात निरोप गेला आणि उत्तर येईपर्यंत बादशहा हात बांधून बसला, तर दीड महिना राज्यच ठप्प. तिथे निरोप सोडायचा आणि कामाला लागायचे, हाच मार्ग. पण मग प्रश्नांची रांग लागते. निरोप पोचला हे कसे समजणार? वाटेत कोणी वाचला तर? आणि उत्तर आलेच नाही, तर त्या शांततेचा अर्थ काय लावायचा? हे प्रश्न आज संगणकतज्ज्ञ विचारतात. ज्यांना त्यांची चुकीची उत्तरे दिल्याबद्दल जीव गमवावा लागला, अशी माणसे मात्र आपल्या इतिहासात आहेत.

६/ आधी एक घुंगरू ऐकू या. चौदाव्या शतकात इब्न बतूताने महंमद तुघलकाच्या पायडाकेचे वर्णन करून ठेवले आहे. मैलाच्या एक तृतीयांश अंतरावर एकेक चौकी. धावणाऱ्याच्या एका हातात पत्र आणि दुसऱ्या हातात काठी. काठीच्या टोकाला तांब्याची घुंगरे. आवाज कानी पडताच पुढच्या चौकीतला माणूस उठून सज्ज होई, पत्र घेई आणि पळू लागे. सिंधहून दिल्लीला सामान्य प्रवाशाला पन्नास दिवस लागत, बातमी पाच दिवसांत पोचे. याच वाटांनी बादशहासाठी गंगेचे पाणी दौलताबादेला येई, चाळीस दिवसांच्या मजलीवरून.

७/ आता हे बारकाईने पाहा. पुढच्या चौकीतला माणूस दर घटकेला रस्त्यावर येऊन ‘कोणी येतंय का’ असे बघत नाही. तो आपल्या जागी निवांत आहे. घुंगरू वाजले की काय करायचे, हे मात्र त्याला घुंगरू वाजण्याच्या कितीतरी आधी ठाऊक आहे. कॉलबॅकचे सारे मर्म यात आले. निरोपाचा वेग घोड्यावर किंवा पायांवर अवलंबून असतो. निरोपाचा उपयोग मात्र घेणाऱ्याच्या पूर्वतयारीवर.

८/ वाटेत निरोप फोडला गेला तर काय होते, याचा एक मासला खुद्द नगरच्या किल्ल्यातून मिळतो. डिसेंबर १५९५ मध्ये शहजादा मुरादने अहमदनगरला वेढा घातला. चांदबिबी आत. सुरुंगाने तट उडाला आणि तिने रातोरात तो पुन्हा बांधून काढला, हा प्रसंग आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. त्यानंतरची गोष्ट कमी सांगितली जाते. विजापूरचा सरदार सुहेलखान कुमक घेऊन सरहद्दीवर होता. आतली स्थिती बिकट आहे, त्वरा करा, असे पत्र चांदबिबीने त्याला धाडले. ते मोगलांच्या हाती पडले.

९/ फेरिश्ता सांगतो की मुरादच्या छावणीने ते पत्र फाडले नाही, अडवलेही नाही. आपले एक पत्र सोबत जोडून ते पुढे सुहेलखानाकडे रवाना केले: आम्हीही आपल्याच भेटीच्या प्रतीक्षेत आहोत, लवकर यावे, अशा आशयाचे! ज्याच्या हाती निरोप पडतो त्याच्यापुढे तो दडपण्याखेरीज इतरही मार्ग असतात. तो वाचून पुढे सोडता येतो, आणि वाचला आहे हे मुद्दाम कळूही देता येते. अखेर दोन्ही पक्ष थकले आणि १५९६ च्या आरंभी तह झाला. वऱ्हाड मोगलांकडे गेला, नगर वाचले. तेवढ्यापुरते.

१०/ मोगलांनी स्वतःच्या बातम्यांसाठी मात्र एकाच वाटेवर भरवसा ठेवला नाही. प्रत्येक सुभ्यात वाकेनवीस असे: अधिकृत, सर्वांना माहीत असलेला वृत्तलेखक. त्याच्या जोडीला सवानिहनिगार, त्याच्यावर नजर ठेवणारा गुप्त खुफियानवीस, शिवाय तोंडी खबर आणणारे हरकारे. ही सारी पत्रे बांबूच्या नळीतून डाकचौकीच्या दरोग्याकडे येत. एकच घटना तीन-चार डोळ्यांनी पाहिलेली. सुभेदाराने एकाला फितवले, तरी दुसऱ्याच्या कागदात तफावत दिसून येई. माहितीची अशी पुनरुक्ती हा खर्चिक प्रकार आहे, पण खोटे बोलणाऱ्याचा खर्च ती त्याहून वाढवते.

११/ ही झाली बादशहाकडे येणारी वाट. उलट्या वाटेवर होते वकील. (आजचे कोर्टातले वकील नव्हेत.) प्रत्येक शहजादा, मोठा उमराव आणि राजपूत राजा दरबारात आपला वकील ठेवी. दरबारात आज कोणाला खिलत मिळाली, कोणाची बदली झाली, बादशहाची प्रकृती कशी आहे, हे तो अखबारात लिहून धन्याला धाडी. धनी शेकडो कोसांवर. त्याने दरबारात आपली एक नोंद करून ठेवली आहे: इथे काही हलले की मला कळव. पदरी वकील ठेवणे म्हणजे कॉलबॅक नोंदवणेच.

१२/ ही नोंदच कोणी खोडली तर? सप्टेंबर १६५७ मध्ये शाहजहान दिल्लीत आजारी पडला. दारा शुकोहने सगळ्या नाड्या हाती घेतल्या आणि भावांकडे जाणाऱ्या बातम्या अडवल्या. औरंगजेबाचा वकील ईसा बेग याला काही काळ कैदेत टाकले. दाराचा हेतू समजण्याजोगा आहे: अफवा पसरू नयेत. परिणाम नेमका उलटा झाला. दख्खनमध्ये औरंगजेब, गुजरातेत मुराद, बंगालमध्ये शुजा. तिघांकडे येणारी पत्रे आटली आणि त्यांनी त्या शांततेचा एकच अर्थ काढला: बाप गेला.

१३/ शाहजहान जिवंत होता. पुढे तो सावरला, त्याच्या हस्ताक्षरातली पत्रेही गेली. तोवर उशीर झाला होता. दारा वडिलांच्या हस्ताक्षराची नक्कल करतो, ही पत्रे बनावट आहेत, असे भावांनी म्हणायला सुरुवात केली. मुराद आणि शुजा यांनी स्वतःला बादशहा म्हणवून घेतले. पलीकडचा मेला आहे की मधली वाट तुटली आहे, हे नुसत्या शांततेवरून ओळखता येत नाही. संगणकशास्त्रात हा प्रश्न आजही पूर्णपणे सुटलेला नाही. तिथे ठराविक वेळ वाट पाहतात आणि मग ‘मेला असे समजू’ म्हणून पुढे जातात. १६५७ मध्ये तिघांनी हेच केले. माझ्या मते दाराचा पराभव सामूगढच्या रणात झाला, पण त्याची सुरुवात बातम्या अडवण्यापासून झाली.

१४/ त्या वारसायुद्धातून तरून निघालेला माणूस पन्नास वर्षांनी भिंगारला मरत होता. वाकिनखेड्याची मोहीम आटोपून तो १७०६ च्या आरंभी नगरला आला. इथूनच आता पुढचा प्रवास नाही, हे त्याला उमगले असावे. अखेरच्या दिवसांत त्याने कामबक्षाला विजापूरकडे आणि आझमला माळव्याकडे रवाना केले. डोळ्यांदेखत पोरांची जुंपू नये, ही त्यामागची चिंता मानली जाते. आझम मात्र अगदी रेंगाळत निघाला. काय होणार आहे ते त्यालाही दिसत होतेच.

१५/ बातमी येताच आझम परतला. वजीर असदखान आणि बहुतेक मोठे सरदार त्याच्याकडे आले. बादशाही छावणी, तोफखाना आणि दख्खनची फौज त्याच्या हाती होती. बापाची अंत्ययात्रा खुलताबादेकडे रवाना झाली. आणि मग? मग ईदचा मुहूर्त पाहून १४ मार्चला नगरलाच राज्याभिषेक. त्यानंतर कूच. वीस दिवसांच्या आघाडीतले जवळपास दोन आठवडे इथेच, आपल्या नगरात संपले. संगणकवाल्या मित्राने मला त्यांचा एक नियम सांगितला आहे: कॉलबॅकमध्ये लांबलचक काम करत बसू नये, कारण तोवर पुढचे सगळे निरोप दाराशी ताटकळतात. आझमने त्या क्षणी नेमका सोहळा मांडला.

१६/ त्याहून मोठी चूक पुढे. त्याचा कर्तबगार पुत्र बेदारबख्त आधीच उत्तरेच्या बाजूला होता. तो थेट आग्र्यावर झेपावला असता. पण मुलगा आधी पोचला, खजिना त्याच्या हाती लागला तर तोच गादीवर हक्क सांगेल, या संशयाने आझमने त्याला माळव्यातच थांबण्याचे फर्मान धाडले. बेदारबख्त थांबला. घुंगरू वाजले आहे, धावपटू उभा आहे, आणि मागून आवाज येतो: थांब, मी येईपर्यंत हलू नकोस.

१७/ आता जमरूदकडे वळू. मुअज्जमचा दिवाण मुनीमखान लाहोरला बसून पंजाबचा कारभार पाहत होता. बादशहाचे वय झाले आहे, बातमी केव्हाही येईल, आणि ती येईल तेव्हा आपला धनी सर्वांत लांब असेल, हे त्याने हेरले होते. म्हणून त्याने गाजावाजा न करता उंट, बैल गोळा केले आणि पंजाबच्या नद्यांवर उतारासाठी नावा तयार ठेवल्या. बातमी यायच्या आधी. ती कधी येईल ते त्याला ठाऊक नव्हते. आली की पुढचे पाऊल कोणते, हे पक्के होते.

१८/ बातमी सुमारे २२ मार्चला जमरूदला थडकली. नगरपासून तिथवर २००० किलोमीटरहून जास्त वाट. म्हणजे दिवसाला १०० किलोमीटरच्या वर. वाटेत नर्मदा, चंबळ, यमुना आणि पंजाबच्या नद्या. डाकेच्या जोड्यांना सलाम करावा असा हा वेग आहे, आणि त्यांतल्या एकाचेही नाव आपल्याला माहीत नाही. मुअज्जमने राज्याभिषेकासाठी थांबणे टाळले. चालता चालता, लाहोर जवळ आल्यावर त्याने बादशाही जाहीर केली. मुनीमखान फौज, पैसा आणि तोफा घेऊन त्याला मिळाला आणि नद्या ओलांडत हे लष्कर दिल्लीकडे सरकले.

१९/ आणि आग्रा? तिथला किल्लेदार बाकीखान. किल्ला आणि खजिना तो कोणाही अर्ध्या-मुर्ध्या वारसाच्या हवाली करायला तयार नव्हता. मुअज्जमचा मुलगा अझीम-उश-शान बंगालच्या बाजूने परतत होता. बापाच्या आज्ञेची वाट न बघता तो आग्र्याकडे धावला आणि शहर ताब्यात घेतले. एका बापाने मुलाला थांबवले होते. दुसऱ्याच्या मुलाला थांबवणारे कोणी नव्हते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मुअज्जम आग्र्याला पोचला आणि बाकीखानाने दरवाजे उघडले. आझम तेव्हा ग्वाल्हेरच्या परिसरात होता.

२०/ त्याच महिन्यात आग्र्याच्या दक्षिणेला जाजौच्या मैदानावर लढाई झाली. रखरखीत ऊन, समोरून वारा आणि धूळ. आझम, बेदारबख्त आणि धाकटा वालाजाह तिघेही पडले. कामबक्ष दीड वर्ष टिकला. जानेवारी १७०९ मध्ये हैदराबादजवळ तोही गेला.

२१/ आता थोडा तोल साधू. सगळे खापर निरोपांच्या व्यवस्थेवर फोडणे हा आळस ठरेल. आझमच्या फौजेचे पगार थकले होते, जड तोफा त्याला मागे ठेवाव्या लागल्या, माळव्यापलीकडच्या वाटेवर पाण्यावाचून माणसे आणि जनावरे मेली, आणि त्याचा तिरसट स्वभाव सरदारांना दूर करत गेला. हे सगळे खरे आहे. पण यांतली बहुतेक संकटे उन्हाळा चढत गेला तशी वाढली. मार्चच्या पहिल्या आठवड्यात तो निघाला असता किंवा बेदारबख्ताला मोकळे सोडले असते, तर पगारासाठी लागणारा पैसा आग्र्यात होताच.

२२/ या गोष्टीचा एक धागा आपल्याकडे येतो. आझमच्या छावणीत आणखी एक माणूस उत्तरेकडे ओढला जात होता: संभाजीराजांचे पुत्र शाहू. १६८९ मध्ये रायगड पडल्यापासून ते कैदेत. आपली पाठ फिरताच मराठे उसळतील, तेव्हा शाहूला सोडून त्यांच्यात दोन तट पाडावेत, असा जुल्फिकारखानाचा सल्ला. मे १७०७ मध्ये भोपाळजवळ दोराहा येथे शाहूंची सुटका झाली. आई येसूबाई मात्र ओलीस राहिल्या. त्या सुटल्या १७१९ मध्ये.

२३/ शाहू दक्षिणेकडे निघाले आणि त्यांची पत्रे पुढे गेली. इथे मराठी पत्रव्यवहाराची एक रीत सांगायला हवी. जुनी पत्रे वाचणाऱ्यांच्या लक्षात आले असेल की मजकूर बहुधा आधीच्या पत्राच्या पोचेपासून सुरू होतो: आपण पाठविलेले पत्र पावले, आशय ध्यानी आला, मग पुढचे. महत्त्वाचे पत्र जासुदांच्या जोडीबरोबर जाई, म्हणजे एकाला काही झाले तरी दुसरा पोचे. ‘पोच’ हा शब्द आपण आजही वापरतो; संगणकाच्या भाषेत ज्याला अक्नॉलेजमेंट म्हणतात तो हाच. आमच्या आजोबांच्या पिढीला मनीऑर्डरची पोच येईपर्यंत झोप लागत नसे, ते उगाच नव्हे.

२४/ पण पोच एवढेच सांगते की निरोप मिळाला. पाठवणारा तोच आहे का, हे ती सांगत नाही. सतरा वर्षे मोगलांच्या गोटात वाढलेला, सात-आठ वर्षांचा असताना गेलेला मुलगा आता पंचविशीचा होऊन परतत होता. त्याला ओळखणार कोण? साताऱ्याहून ताराबाईंनी हाच प्रश्न केला: हा शाहू नव्हेच, हा तोतया. त्यात राजकारण होते हे उघड आहे. तरीही प्रश्न पोकळ नव्हता. १६५७ मध्ये खुद्द बादशहाच्या हस्ताक्षरावर कोणी विश्वास ठेवला नव्हता, मग या अनोळखी तरुणाच्या पत्रांवर का ठेवावा?

२५/ पत्राने न सुटलेला हा प्रश्न शेवटी माणसांनी समोरासमोर सोडवला. शाहूंचा मुक्काम नगरला पडला. ज्या गावातून मार्चमध्ये बातमी सुटली, तिथेच ते त्या वर्षी पोचले. ताराबाईंनी सेनापती धनाजी जाधवांना त्यांच्यावर धाडले. शाहू खरे की खोटे, याची खात्री धनाजींना करून देण्यात त्यांच्या पदरी असलेल्या बाळाजी विश्वनाथ भटांचा मोठा वाटा मानला जातो. ऑक्टोबर १७०७ मध्ये भीमेकाठी खेडला दोन्ही सैन्ये भिडली, तेव्हा धनाजी शाहूंच्या बाजूला आले. जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्याला शाहूंचा राज्याभिषेक झाला, आणि पुढे १७१३ मध्ये बाळाजींच्या हाती पेशवाईची वस्त्रे आली.